पहिल्या नळीतला गाळ

१

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला हेमांगी तामोरेने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. कण जागच्या जागी होता. तीन कोपऱ्यांचा, प्रत्येक कोपऱ्याला एक छिद्र. सुरूच्या झाडाचा पराग.

पालघरच्या किनाऱ्यावर सुरूचा पराग सापडावा यात नवल काहीच नाही. पण ही स्लाइड चौऱ्याण्णव सेंटिमीटर खोलीवरच्या गाळाची होती. घिवली गावासमोर समुद्राच्या तळात नळी घुसवून काढलेला तो गाळ, जितका खाली जावं तितका जुना. चौऱ्याण्णव सेंटिमीटरवरचा गाळ हजारेक वर्षांपूर्वी बसलेला असायला हवा होता. आणि सुरूचं झाड या किनाऱ्यावर बाहेरून आणून लावलं, त्याला फार तर दीडशे वर्षं झाली असतील.

एखादा कण चुकून मिसळू शकतो. हेमांगीने तीनशे कण मोजले. त्यात एकवीस सुरूचे निघाले. मग तिने सत्तर सेंटिमीटरची स्लाइड लावली, मग चाळीसची, मग दहाची. सगळीकडे तेच. वरपासून खालपर्यंत एकाच वयाची, कालपरवाची माती.

ती खुर्चीत मागे टेकली. कुणीतरी नळीतला खरा गाळ काढून नेला होता आणि त्या जागी दुसराच भरून ठेवला होता.

हा गाळ म्हणजे डॉ. निमेश सावे यांचं शेवटचं काम. सर पालघरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. हेमांगी त्यांची विद्यार्थिनी, मूळची सातपाटीची, आता पुण्याच्या एका संस्थेत होती. समुद्राच्या तळाशी दरवर्षी थोडा थोडा गाळ बसतो, त्या त्या वर्षीचे परागकण त्यात पुरले जातात, आणि ते मोजले की त्या काळी काठावर कुठली झाडं होती, पाऊस किती पडत होता, हे कळतं. सरांना एकच गोष्ट पाहायची होती. सहाशे वर्षांपूर्वी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, बारा वर्षं पाऊस नव्हता असं लोक सांगतात. तेव्हा आपल्या या किनाऱ्यावरच्या रानाचं काय झालं? त्यासाठी त्यांनी पाच मीटर गाळ काढला, मीटरमीटरच्या पाच नळ्यांत. दुष्काळाचा थर सगळ्यांत वरच्या, पहिल्या नळीत असणार होता.

त्या मोहिमेत होडीवरचा एक पोरगा बुडाला. त्यानंतर सरांनी नळ्या उघडल्याच नाहीत. दीड वर्ष त्या कॉलेजच्या कोल्ड रूममध्ये पडून होत्या. गेल्या फेब्रुवारीत सर हृदयविकाराने गेले. नोव्हेंबरात हेमांगी महिन्याची रजा टाकून ते काम पुरं करायला आली होती.

नळी उघडतानाचा एक क्षण तिला आता आठवला. टोपणावरच्या टेपचं टोक सापडेना. बाकीच्या चार नळ्यांवर टेप ज्या अंगाने गुंडाळली होती, त्याच्या उलट अंगाने पहिल्या नळीवर होती. तेव्हा तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

विभागप्रमुख भावेश चुरी आले. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"कोल्ड रूमची एक किल्ली सावेसरांकडे होती," ते म्हणाले, "आणि दुसरी कमलेशकडे. सर गेले. आता उरलं कोण?" आणि दारातून वळून म्हणाले, "सोमवारी सकाळी मी पोलिसांत जातोय. कमलेशच्या नावाने."

२

कमलेश वरठा अठरा वर्षं त्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज येजा करायचा. सरांबरोबर दऱ्याखोऱ्या आणि खाड्या पालथ्या घातलेला माणूस. हेमांगीला चिखलात न रुतता चालायचं कसं, हे त्यानेच शिकवलं होतं. ती आत गेली तेव्हा तो काचेची भांडी धूत होता.

"कमलेशदादा, पहिल्या नळीतली माती बदललीय."

त्याचा हात थांबला नाही. "कोण बोलला?"

"मातीच बोलली. हजार वर्षांपूर्वीच्या थरात सुरू आहे."

त्याने भांडं पालथं घातलं, उजव्या हाताने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाला, "सर बोलायचे, माती खोटा बोलत नाय."

"तुम्ही बदललीत?"

कमलेशने पुढचं भांडं धुवायला घेतलं.

"नळी फुटली होती का? वीज जाऊन गाळ नासला होता का? तसं असेल तर सांगा. चुकीने झालेल्या गोष्टीला कुणी तुरुंगात टाकत नाही."

"मॅडम, मी काय बोलणार नाय."

"चुरी सर सोमवारी तक्रार देणार आहेत. नोकरी जाईल, दादा. दोन मुली आहेत तुमच्या."

"जाऊंदे." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण घाबरलेले नव्हते. "पन एक करा. ती नळी सोडून बाकीच्या चार मोजा. पयली राहूंदे. सरांचा नाव हाय त्याच्यावर."

चोर असा बोलत नाही, हेमांगीला वाटलं. पण चोर नाही म्हणावं, तर तो नाही असंही म्हणत नव्हता.

तिने कोल्ड रूमचं रजिस्टर मागून घेतलं. दीड वर्षात नळ्या एकदाच बाहेर गेल्या होत्या, मागच्या वर्षी अकरा जूनला. 'पाच नळ्या बाहेर. पाच नळ्या आत. कारण, तपासणी.' खाली सही होती कमलेशची.

३

गुरुवारी सकाळी ती सरांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी सपनाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि कपाटातून सरांची नोंदवही आणून हातात ठेवली.

"अकरा जूनला सर नळ्या घेऊन कुठे गेले होते का?" हेमांगीने विचारलं.

"त्या पोराच्या अपघातानंतर आमच्यात फारसं बोलणं उरलं नव्हतं गं," सपनाताई म्हणाल्या. "ते एवढंच म्हणाले होते, मी त्याला खाली पाठवलं. त्यापुढे मी काही विचारलं नाही. विचारायला तोंडच उघडलं नाही माझं." आणि त्या आत निघून गेल्या.

वहीत शेवटच्या पानावर एकच ओळ होती. सरांच्या सगळ्या लिखाणासारखीच तिचीही शाई पसरली होती. लिहिता लिहिता त्यांचा हात लिहिलेल्यावरूनच फिरायचा. 'वरचा मीटर कोणी उघडू नये. त्याबद्दल मी स्वतः सांगेन.'

कुणाला सांगणार होते? तिला सरांचा मागच्या दिवाळीतला फोन आठवला. "एकदा येऊन जा हेमांगी, थोडं बोलायचंय." ती हो म्हणाली होती. मग एक परिषद आली, मग दुसरं काहीतरी आलं, आणि मग थेट निरोप आला तो सर गेल्याचा.

प्रयोगशाळेत परतून तिने उरलेल्या स्लाइड नव्या नजरेने पाहायला घेतल्या. आतापर्यंत ती विचारत होती, हा गाळ खोटा कशावरून. आता तिने विचारलं, हा गाळ आला कुठून. सुरूबरोबर तिवराचे कण भरपूर होते, म्हणजे खाडीचा काठ. माशांच्या खवल्यांचे बारीक तुकडे होते, म्हणजे मासळी उतरवायची जागा. पण अशा जागा या किनाऱ्यावर गावोगावी आहेत. संध्याकाळ होत आली तेव्हा तिला हवं ते सापडलं. मोठे, गोल, अंगभर काटे असलेले सात कण, एकमेकांना चिकटून. भेंडीचे. भाजीच्या भेंडीचे नव्हेत. खाडीकाठी वाढणारं पिवळ्या फुलांचं मोठं झाड असतं, त्याचे.

हा पराग वाऱ्यावर उडत नाही. जड असतो, चिकट असतो. सात कण गठ्ठ्याने सापडले, म्हणजे अख्खं फूल त्या चिखलात गळून पडलेलं. ज्या जागची ही माती होती, तिच्या थेट डोक्यावर भेंडीचं झाड होतं.

"चुरी सर," तिने बाहेर येऊन विचारलं, "नळ्या काढायला होडी कुठून निघाली होती?"

"घिवलीहून. नवशा तांडेलाची होडी. त्याचाच मुलगा गेला, दर्पण." चुरी चपला घालता घालता थांबले. "का? त्याचा काय संबंध?"

"त्या धक्क्यावर भेंडीचं झाड आहे का?"

"आहे की. होडी निघायच्या आधी त्याच्याच सावलीत बसून आम्ही चहा प्यायलो होतो. मी काठावरूनच परतलो."

४

शुक्रवारी बोईसरहून रिक्षाने ती घिवलीला उतरली तेव्हा ओहोटी लागली होती. होड्या चिखलात कलल्या होत्या. पलीकडे अणुवीज केंद्राची चिमणी, अलीकडे सुरूची रांग, आणि धक्क्याच्या टोकाला भेंडीचं जुनं झाड. त्याची फुलं सकाळी पिवळी उमलतात आणि उन्हं कलताना लालसर होऊन गळतात. खाली चिखलावर त्यांचा सडा पडला होता.

झाडाखाली साठीचा एक माणूस जाळं शिवत बसला होता. तिने नाव विचारलं. तोच नवशा तांडेल.

"मी सातपाटीची, काका. सावेसरांची विद्यार्थिनी."

सरांचं नाव ऐकताच जाळ्यावरची सुई थांबली. "सर गेले न?"

"फेब्रुवारीत गेले. काका, त्या दिवशी काय झालं होतं?"

नवशाने मान खाली घातली आणि बोलू लागला. "पाच नळ्या वर आल्या. नांगर निघंना. खाली जुना जाळा पडलेला, त्यात अडकलेला. सरांनी दर्पणला सांगितला, खाली जाऊन सोडव. पोर गेला. पाणी काय जास्त नव्हता, पाच वाव, तीसेक फूट. पन पान्याचा वडा जोराचा होता. दोर हलला, मंग नाय हलला. तीन दिवस आमी सगल्यांनी होड्या फिरवल्या. काय नाय गावला."

हेमांगीच्या मनात काहीतरी खटकलं. हेच शब्द, याच क्रमाने, तिने तेव्हाच्या वर्तमानपत्रात वाचले होते. दीड वर्षानंतरही त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. पाठ केल्यासारखं. आणि सर? खाडीत गुडघ्यावर पाणी आलं की विद्यार्थ्यांना मागे ओढणारा माणूस एका पोराला पाच वाव खाली जा म्हणेल?

"काका, सरांच्या एका नळीतला गाळ कुणीतरी बदललाय. जो भरलाय तो या झाडाखालचा आहे."

"मना नाय ठावं." हे मात्र त्याने वर बघून सांगितलं. ते खरं वाटलं.

"कमलेशवर आळ आलाय. सोमवारी त्याच्यावर तक्रार होणार आहे."

नवशाचा चेहरा पांढरा पडला. "कमल्यावर? त्याने काय केला?" सुई त्याच्या हातातून चिखलात पडली आणि ती उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. "तो तर होडीवर होता... त्याने सगला ऐकलेला..."

"काय ऐकलेलं, काका?"

नवशा उठला, जाळं तसंच टाकून घराच्या दिशेने चालू लागला आणि एकदाही मागे वळला नाही.

५

परतीच्या वाटेवर हेमांगीने सगळं पुन्हा ओळीने मांडून पाहिलं. ज्याने गाळ बदलला, तो अकरा जूनला नळी घेऊन घिवलीला गेला आणि त्या झाडाखाली त्याने दुसरी नळी भरली. नवशाला त्याचा पत्ता नव्हता. सही कमलेशची होती. पण टेप उलटी होती.

शनिवारी तिने कमलेशला प्रयोगशाळेत गाठलं. त्याच्यासमोर एक रिकामी नळी आणि टेपचं बंडल ठेवलं.

"दादा, हिला टोपण लावून टेप मारा."

त्याने मारली. उजव्या हाताने, जशी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नळीवर होती तशीच.

"पहिल्या नळीवर याच्या उलट आहे. डावखुऱ्या माणसाने मारल्यासारखी. सर डाव्या हाताने लिहायचे. म्हणून तर त्यांच्या वहीत शाई पसरायची."

कमलेशने नळी खाली ठेवली.

"दुसरं सांगते. मला आधी वाटलं, ज्याला परागाचं काही कळत नाही त्याने हे केलं असेल. जाणकार माणूस सुरूजवळची माती भरणार नाही. पहिल्याच स्लाइडला पकडला जाईल. पण सरांना मोजणाऱ्याला फसवायचंच नव्हतं. वहीत त्यांनी लिहून ठेवलंय, उघडू नका, मी सांगेन. त्यांना फक्त कोल्ड रूममध्ये पाच नळ्या दिसायला हव्या होत्या, सांगायचा धीर येईपर्यंत. मला त्यांनी बोलावलं होतं, दादा. मी गेले नाही." तिने रिकामी नळी बाजूला सरकवली. "खरी नळी त्यांनी कुणाला दिली?"

कमलेशने टेपचं बंडल उचलून खणात ठेवलं.

"जमनाबाईला," तो म्हणाला. "दर्पणच्या आयसला. दहा जूनला ती कॉलेजच्या फाटकावर आली. पाऊस पडत होता, ती भिजत उभी. सर बाहेर गेले तर बोलली, भटाने दर्भाचा पुतला केला, तो जालला. तो माजा पोर नाय. तुमी खालची जमीन वर आनली न? माजा पोर जिथं झोपलाय ती जमीन मना द्या. तुमी माजा पोर घेतला, जमीन तरी द्या."

"आणि सर?"

"सर काय बोलनार? दुसऱ्या दिवशी मना घेऊन गेले. वरची नळी दिली तिला. वरचीच. बोलले, तो तलाला टेकला असल तर याच थराला. तांडेल बाहेर गेलता. मंग झाडाखाली सरांनी आपल्या हाताने दुसरी भरली. मी बोललो, सर, ह्यो तुमचा दुष्कालाचा थर. ते बोलले, कमलेश, तिच्या घरी पडलाय तो दुष्काल मोठा हाय."

"मग चुरी सरांना का नाही सांगितलंत? एवढं सांगितलं असतंत तरी सुटला असतात."

"सरांचा नाव खराब झाला असता." तो थांबला. "आनि लोक खोदून इचारतात, मॅडम. आज नळी का दिली, उद्या त्या दिवशी काय झाला. मी सरांना शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

कमलेशने नकारार्थी मान हलवली. तो दरवाजा काही उघडला नाही.

६

रविवारी सकाळी हेमांगी पुन्हा घिवलीला गेली. नवशाचं घर धक्क्यापासून चार पावलांवर होतं. अंगणात बांबूंवर बोंबील सुकत होते. ओसरीवर जमना बसली होती, पन्नाशीतली, हाडापेराने मोठी, पण गालफडं बसलेली. हेमांगीने आपण कोण ते सांगितलं आणि काहीही आडवळण न घेता म्हणाली, "मावशी, मी नळीसाठी आलेय. हिसकावून न्यायला नाही. नुसतं बोलायला."

जमनाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेली आणि दोन्ही हातांवर आडवं धरून काहीतरी घेऊन आली. चौकटीच्या शर्टात गुंडाळलेली मीटरभराची नळी. शर्ट दर्पणचा होता, हे सांगावं लागलं नाही.

"कधी उघडलीत का?" हेमांगीने विचारलं.

"नाय. उघडला असता तर बघायला लागला असता, त्याच्यात तो नाय ते." तिने नळी मांडीवर घेतली. "उचलला की भार लागते हाताला. तेवडाच."

जमनाच पुढे बोलत राहिली.

"तुजा सर वाईट मानूस. आपल्या मातीसाठी माजा पोर खाली घातला. नांगर ऱ्हायला असता खाली, तर काय बिघडला असता? तो मेला न फेब्रुवारीत? कलला तवा मी काय केला ठावं हाय? गोड केला. शेजारनीला वाटी दिली. माजा हात नाय थरथरला तवा."

सरांची बाजू घ्यावी असं हेमांगीच्या ओठावर आलं होतं, पण तिच्याकडे पुरावा नव्हता. फक्त पाठ केलेले चार शब्द होते, आणि कमलेशचा न उघडलेला दरवाजा.

"सर नाय," दारातून आवाज आला.

नवशा उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"काय?" जमना म्हणाली.

"सर नाय बोलले. सर बोलले, दोर कापा, नांगर जाऊंदे, मी दुसरा देतो. तीनदा बोलले. कमल्याने सुद्धा सुरी काढली." नवशाने चौकट धरली. "मी बोललो, नाय. माज्या बापाच्या हातचा नांगर हाय, सोडनार नाय. मीच दर्पणला बोललो, जा. तो बोलला, बाबा, वडा हाय. मी बोललो, भ्यालास काय?"

सुकत्या मासळीवर घारी घिरट्या घालत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

"होडी धक्क्याला लागायच्या आधी सर बोलले, तांडेल, घरी सांगा मी पाठवला. तिचा पोर गेला, आता नवरा नको जाया. मी हो बोललो. मना त्या टायमाला तेच पायजे होता." तो खाली बसला. "रोज वाटला, उद्या सांगू. मंग सर मेले. मंग वाटला, आता कोन इचारतो. पन आता कमल्याला पोलीस नेनार. अजून एकाच्या डोक्यावर नाय टाकवत मना."

जमनाने हंबरडा फोडला नाही. ती नळीकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा नळीकडे. खूप वेळाने तिने शर्ट सोडवला, घडी घालून कडेला ठेवला आणि नुसती नळी हेमांगीच्या मांडीवर ठेवली.

"ने. त्याचा काम अर्धा ऱ्हायलाय न? पुरा कर."

"मला सगळी नको, मावशी. चिमूट चिमूट पुरेल. बाकीची मी परत आणते."

"मंग तशी कर." आणि नवशाकडे न बघता ती म्हणाली, "तुमी जेवून घ्या. आत झाकून ठेवलाय."

७

सोमवारी तक्रार झाली नाही. हेमांगीने चुरींसमोर चार पानांचा लेखी खुलासा ठेवला. नळी कुणी दिली, का दिली, दीड वर्ष ती कुठे होती, कशी परत आली. होडीवर कोण काय बोललं, ते मात्र त्यात नव्हतं. ते ज्यांचं होतं त्यांच्यापाशीच राहिलं.

चुरींनी दोनदा वाचलं. "सरांवर ठपका येईल, हेमांगी. नमुना दुसऱ्याला दिला, वर खोटा भरून ठेवला. हे असंच छापायचं?"

"असंच छापायचं. नाहीतर मोजलेल्या एकाही कणावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि सरांनी ते स्वतःच सांगायचं ठरवलं होतं."

चुरी उठले, प्रयोगशाळेत गेले आणि कमलेशसमोर उभे राहिले. त्यांना धड शब्द सापडले नाहीत. "मला आधी विचारायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. कमलेशने त्यांना बसायला स्टूल पुढे केलं.

खऱ्या गाळाच्या स्लाइड तयार व्हायला बारा दिवस गेले. सुरू फक्त वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये होता, त्याखाली एकही कण नाही. अठ्ठावन्नच्या खाली आणि वर तिवर आणि रानातली झाडं दाट होती. अठ्ठावन्नला मात्र तिवर जवळजवळ नाहीसा झाला होता. उरलं होतं ते गवत आणि कोरड्या माळावरचं तण. ते बारा वर्षांचं की वीस, ते गाळावरून इतकं नेमकं सांगता येत नाही, आणि तो दुर्गादेवीचाच दुष्काळ, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. वयाच्या चाचण्या अजून व्हायच्या होत्या. पण सर ज्यासाठी समुद्रावर गेले होते, ते तिथं होतं. हेमांगीने आकडे लिहिले, त्याखाली सरांचं नाव पहिलं घातलं, आणि मग टेबलावर डोकं टेकून रडली.

नळी परत द्यायला ती घिवलीला गेली, तेव्हा जमना बाहेर निघायच्या तयारीत बसली होती. धुवट नऊवारी नेसलेली, केसांना तेल लावलेलं. नवशा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होता. दोघांत बोलणं सुरू झालं होतं की नाही, ते काही कळत नव्हतं.

जमनाने नळी घेऊन आत ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुज्या सरांची बायको हाय न? मना तिच्याकडं ने."

पालघरला सपनाताईंनी दार उघडलं. जमनाला त्यांनी ओळखलं. अपघातानंतर वर्तमानपत्रात फोटो आला होता. त्यांचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला. आता ही बाई काय बोलेल ते ऐकायला त्या दीड वर्ष तयार होत्या आणि तरी तयार नव्हत्या.

जमना उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुमच्या मानसाने माज्या पोराला खाली नाय पाठवला," ती म्हणाली. "तो नको बोलत होता. माज्या घरवाल्याने पाठवला. तुमच्या मानसाने माज्यासाठी आपल्या डोक्यावर घेतला. ते सांगाया आले."

सपनाताईंनी चौकटीला हात टेकला.

"मलासुद्धा नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "एका घरात राहून मी त्यांच्याशी... मला तरी सांगायचं."

जमना उंबरा ओलांडून आत आली. हेमांगी जिन्यातच थांबली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.